मधल्या खांबाची व्यवस्था

नमो बुद्धाय.

मी, साहेबराव किसन अहिवळे, वय एकाहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार मौजे कळस, ता. इंदापूर, जि. पुणे, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या ओट्यावर बसून, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टर आसावरी मॅडमचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी तुळसा हिचे त्याबाबत मत वेगळे आहे, पण ते लग्नापासून तसेच असल्याने आज नव्याने विचारात घेण्याचे कारण नाही. मजवर कोणीही दबाव आणलेला नाही. आणायचा प्रयत्न झाला, तो खाली येईलच.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण की या आठवड्यात पुण्यात माझी बायपास आहे. तिथले डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मग एवढ्या कागदांवर माझ्या सह्या कशाला घेतल्या, असे मी विचारले. त्यावर त्यांनी आणखी एक कागद पुढे केला.

कलम १. माझे वारस तीन. पत्नी तुळसा, मुलगा बुद्धघोष, बारामतीला एमआयडीसीत नोकरीस, मुलगी दिशा, पुण्यात आर्किटेक्ट. माझे साडू, बावड्याचे विश्वनाथराव, हे वारस नाहीत. त्यांना काय द्यायचे ते कलम ४ मध्ये आहे आणि ते त्यांनी मुकाट्याने घ्यावे.

कलम २. कळस शिवारातील माझी स्वकष्टार्जित वीस गुंठे जमीन मुलगा व मुलगी यांनी समान वाटून घ्यावी. मुलीला कमी देण्याची चाल आमच्या घरात नाही आणि पुढेही नसावी. बँकेत व पतसंस्थेत जे काही आहे ते सर्व तुळसाचे. ते तिने नातवंडांवर उधळू नये, ही विनंती. ती उधळणार, हेही मला माहीत आहे.

कलम ३. माझे ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, कंपासपेटी व प्लास्टरचे ग्रीक तरुणाचे डोके दिशाला द्यावे. हे डोके शाळा मोडीत काढत होती, ते मी मागून घेतले. त्याचे नाक पोरांनी उडवले आहे. तुळसा त्यावर माप घेऊन कानटोप्या विणते. त्यामुळे कळसमधली निम्मी लहान पोरे थंडीत ग्रीक मापाच्या टोप्या घालून हिंडतात आणि त्या सगळ्यांना डोळ्यांवर येतात. दिशाने ते डोके पुण्याला न्यावे, म्हणजे पोरे सुटतील.

कलम ४. राहते घर. त्याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल.

माझ्या वडिलांनी उभी हयात लोकांच्या ओसरीखाली उभे राहून काम मागितले. ओसरीचे खांब त्यांनी खालूनच पाहिले. मला नोकरी लागली तेव्हा मी ठरवले, आपल्या घराला खांब करायचे, आणि असे करायचे की तालुक्यात कोणाच्या बापाने पाहिले नसतील. चित्रकलेच्या कोर्सला आम्हाला ग्रीक देवळे शिकवली होती. ती माझ्या डोक्यातून गेलीच नव्हती.

ग्रीक खांबांचे तीन प्रकार. (तीन जाती असे लिहिणार होतो, पण त्या शब्दाचा मला कंटाळा आहे.) साध्या माथ्याचा डोरिक, वेटोळ्यांचा आयोनिक आणि पानांच्या गुच्छाचा कोरिंथियन. आमच्या भिमा मिस्त्रीने त्यांची नावे बोडका, जिलबी आणि फ्लॉवर अशी ठेवली, आणि आता इंदापूरपर्यंत तीच चालतात. मी बोडका घेतला. त्यात नखरा नाही. ग्रीक लोक खांबाला मध्ये किंचित फुगवटा ठेवत, कारण अगदी सरळ खांब डोळ्याला मध्ये खपाटीला गेल्यासारखा दिसतो. भिमाने हा फुगवटा फारच मनावर घेतला. आमचे खांब आत्ताच पोटभर जेवून उठल्यासारखे दिसतात, पण दिसतात रुबाबदार.

हे पाहून विश्वनाथरावांनी बावड्यात तयार साच्यातले फ्लॉवर बसवले आणि त्यांची पाने हिरवी रंगवली. वर आपल्या भर गृहप्रवेशात माझ्या खांबांना "टाकीचे पाइप" म्हणाले. माझे ग्रीक वास्तुकलेचे पुस्तक मी त्यांना देत आहे. त्यातले फोटो पाहावेत आणि एक तरी हिरवे पान दाखवावे. दिशाने मला नुकतेच सांगितले की ग्रीक देवळे मुळात लाल-निळी रंगवलेलीच होती, रंग नंतर उडाले. हे विश्वनाथरावांना कोणीही कळवू नये.

कलम ५. खांबांची संख्या पाच. पंचशीलाचा एकेक खांब, हा माझा विचार. त्यात चूक काढून दाखवा म्हणावे. फक्त पाच खांब समोर ओळीने घेतले की मधला बरोबर दारासमोर येतो. भिमाने चौथरा आखतानाच सांगितले होते, "सर, खांब दारात येतुया. चार करा न्हायतर सा करा." मी म्हणालो, शील कमी-जास्त करता येत नाही. आजही माझे तेच म्हणणे आहे. इटलीत पेस्टम नावाच्या गावी ग्रीकांनी बांधलेले देऊळ आहे, त्याला समोर नऊ खांब आहेत. नऊचाही एक खांब मध्येच येतो. म्हणजे हा प्रकार ग्रीकांनीही केला आहे आणि ते देऊळ अजून उभे आहे.

तुळसाला पेस्टम मान्य नाही. खांब आणि दार यांत एक माणूस तिरका जाईल एवढीच जागा आहे. कपाट सुटे करून आत आणावे लागले. फ्रिज खिडकीचे गज काढून आला. दिशाच्या लग्नात नवरा-नवरी हातात हात धरून बाहेर पडली, ती खांबाच्या दोन्ही बाजूंनी गेली, आणि हात सोडायचा कोणी यावर फोटोग्राफर खोळंबला. "आवो, पाडा की त्यो," असे तुळसा तेव्हापासून म्हणते. मी दरवेळी पेस्टम सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या छातीत कळ आली. स्ट्रेचर दारातून निघाले, खांबाला थडकले, मागे घेतले, तिरके केले, पुन्हा थडकले. शेवटी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून काढले. मी छाती धरून बसलेलो आणि तुळसा रडत रडत शिव्या देत होती. त्यातला "मेल्या" हा शब्द मला उद्देशून होता की खांबाला, हे अद्याप निश्चित झालेले नाही.

सबब घर, ओटा व पाचही खांब मी तुळसाला पूर्ण मालकी हक्काने देतो, आणि असे लिहून ठेवतो की माझ्या पश्चात तिने मधला खांब खुशाल पाडावा. बुद्धघोषने मध्ये पडू नये. तो आईसमोर आईचा आणि माझ्यासमोर माझा असतो.

कलम ६. वरील कलम काल तुळसाला, ऑपरेशनसाठी घरी आलेल्या दोन्ही मुलांदेखत, वाचून दाखवले. वाटले होते, खूश होईल. तिने हातातली भाकरी परातीत आपटली. तिचे म्हणणे जसेच्या तसे नोंदवतो:

"व्हय, म्हंजी जित्तेपनी मी तिरकी व्हऊन घागरी आनायच्या आन् तुमी मेल्यावर दार मोकळं? मंग त्या मोकळ्या दारातनं कुनाची वाट बघू? न्हाय पायजे मला तुमचा खांब. पाडायचा तर आत्ता पाडा."

मी म्हणालो, अगं, मधला म्हणजे तिसरे शील. कोणत्याही बाजूने मोजले तरी तेच येते. व्यभिचार न करण्याचे.

"ह्या वयात त्याला खांब लागत न्हाय," ती म्हणाली. बुद्धघोष तोंड फिरवून बाहेर गेला आणि बाहेर जाऊन हसला.

दिशा म्हणाली, "अण्णा, शील काय सिमेंटमध्ये असतं का?" तिने बीम तपासले. निष्कर्ष असा की मधला खांब काहीच उचलत नव्हता, इतकी वर्षे नुसता उभा होता. इतक्या शिव्या खाऊन नुसते उभे राहणे सोपे नाही, हे मी त्याच्या वतीने नमूद करतो. मला वाईट वाटले. फार वाईट वाटले.

आज सकाळी भिमाने खांब पाडला. सबब कलम ५ मधील "पाचही" च्या जागी "चारही" वाचावे आणि पाडण्याबाबतचा मजकूर रद्द समजावा, कारण पाडण्यास काही उरलेले नाही. अथेन्सच्या गडाच्या प्रवेशद्वारालाही मधले अंतर मुद्दाम रुंद ठेवले आहे, मिरवणूक जावी म्हणून. म्हणजे मी चुकलो नव्हतो. माझे काम फक्त अपुरे होते, ते आज पुरे झाले.

परवा पहाटे पुण्याला निघायचे. मी तुळसाला म्हणालो, झालं ना आता तुझ्या मनासारखं? जातो सरळ दारातून, कुठे न थडकता.

ती विटांचे तुकडे झाडत होती. वर न बघता म्हणाली, "जायला न्हाय पाडला. माघारी यायला पाडलाय."

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमक्ष त्यावर सही केली.

साहेबराव किसन अहिवळे (सही)

साक्षीदार:
१. भिमा मिस्त्री, रा. कळस (सही)
२. श्रीपाद देशपांडे, निवृत्त शिक्षक, रा. इंदापूर (सही)

ठिकाण: कळस, ता. इंदापूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४