ज्या सरोवरातून नदी निघत नाही

॥ श्रीहरीच्या कृपेनेच ही अक्षरे उमटत आहेत ॥

चि. सौ. कुमुद हिस अनेक आशीर्वाद.

नेव्हाडाच्या वाळवंटात, एका सरोवराकाठी सौमित्रने तंबू ठोकला आहे. माझी प्रकृती ठीक आहे, काळजी नसावी. तुझा गुडघा कसा आहे?

तुझ्या वहिनीला हे स्थान प्रिय होते, म्हणून आज सकाळी तिच्या अस्थी येथेच विसर्जित केल्या. मग मी सहज विचारले, "येथून नदी कोणत्या समुद्रास मिळते?"

सौमित्र म्हणाला, "बाबा, या लेकमधून नदी निघतच नाही. पाणी नुसतं आटतं."

जन्मभर शास्त्रे वाचणाऱ्या मला हे आधी विचारण्याचे सुचले नाही. तिला मीच येथे अडकवले. पाठ असलेला एकही श्लोक आज आधार देत नाही.

हे वाचणाऱ्या सर्वांना अंती वाहते पाणी लाभो.

तुझा अण्णा