शेवग्याखालची माती

१७ जून २००१, रविवार. नांदेड
सकाळच्या बॅचला नत्रचक्र. मुळांभोवतीचे जिवाणू हवेतला नत्र धरून पिकाला देतात, हे सांगताना अजूनही माझा आवाज चढतो. मागच्या बाकावरून प्रश्न: "सर, परीक्षेला येतं का हे?" येते, बाळांनो.
दुपारी तेच जिवाणू वाढवायला मडके भरले. गूळ, तांदळाचा कोंडा, पाणी. विरजण म्हणून दोन ओंजळी माती, लातूरकडच्या आमच्या जुन्या गावची. भूकंपात घर गेले, परसातला शेवगा उभा आहे. त्याच्या बुंध्याशी पत्नी (नाव लिहीत नाही) देठे, राख, शेण टाकत असे. आठ वर्षांत रासायनिक खताचा कणही नाही. निवड शास्त्रीय आहे. असावी.

३ जुलै, मंगळवार
मडक्यात बुडबुडे. कान लावून ऐकले. त्या दिवशी ढिगाऱ्यालाही असाच कान...
किंचित कुजका वास. दुर्लक्ष केले.

८ जुलै, रविवार. किनवटजवळ
जैतूबाईंकडे भाताची लावणी. त्यांची लेक कमल गेल्या वर्षी माझ्या बॅचला होती. तिच्याच शब्दावर त्यांनी प्रयोगाला वावर दिले. युरिया टाकणार नाहीत, असे वचन घेतले. रोपांच्या जुड्या, मुळे द्रावणात, अर्धा तास. घरचे वर्षाचे खाणे एवढ्याच तुकड्यावर, हे त्यांनी दोनदा बजावले.
"गुरुजी, माती कुठली म्हनायची ही?"
"विद्यापीठातली."
किती सहज निघाले तोंडातून.

२९ जुलै, रविवार
रोपे पिवळी. "भात लावला का हळद?" जैतूबाई.
एक रोप उपटले. मुळे काळी, वास तोच. द्रावण नासलेले होते. कोरड्या काळ्या रानातले जिवाणू बंद मडक्यात, मग चिखलात, हवेवाचून गुदमरतात. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. गुदमरतात हा शब्द लिहून बराच वेळ थांबलो.
बांधालगतचा पट्टा मात्र हिरवागार. त्या ओळी त्यांनी न बुडवताच लावल्या होत्या. "समदंच तुमच्यावर कसं सोडू, गुरुजी? लेकरं खातेत इथलं."
तुलनेचा पट्टा मी ठेवायचा. वीस वर्षे हेच शिकवतो. ठेवला नाही, कारण ती माती एकाही रोपाला नाकारवेना.

१२ ऑगस्ट, रविवार
चार दिवसांपूर्वी निरोप पाठवून पाणी काढायला लावले होते. मुळांना हवा मिळाली. आज खत म्हणून गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवला. नवे विरजण त्यांच्याच हिरव्या पट्ट्यातल्या चिखलाचे, उघड्या परातीत, रोज ढवळून, मग मुळांशी ओतायचे. का ढवळायचे ते समजावले. "म्हंजी त्यास्नी बी दम घ्यायला लागतो!" इतके नेमके मला जमले नसते.

२ सप्टेंबर, रविवार
पांढरी मुळे! केसांसारखी. वर्गात दाखवायला एक बुडखा आणला आहे. पण निम्मे वावर मागेच राहणार. निम्मे वर्ष त्यांनी काय खायचे?

३० सप्टेंबर, रविवार
भूकंपाला आज आठ वर्षे झाली. जुन्या गावी गेलो नाही, किनवटला गेलो. निंदण चालू असताना सांगून टाकले: माती विद्यापीठातली नव्हती.
जैतूबाईंचा विळा थांबला नाही. "कोन गेलं तितं?"
"पत्नी."
"मंग पाव्हनीच आली म्हना की घरी. आधी सांगितलं आस्तं तर पानी तरी दिलं आस्तं तिला." मग वर न बघता: "पर लेकरांच्या खान्यात खोटं बोलू न्हाई, गुरुजी."
मान खाली घालून निंदत राहिलो.

२१ ऑक्टोबर, रविवार. जैतूबाईंचे अंगण
नव्या भाताचा दिवस. पट्टा भरघोस, बाकी निम्मे. माझ्या पगारातून धान्य घेऊन देईन म्हणालो. त्या पाने पुसू लागल्या.
यांच्यात नवा भात आधी घरच्या गेलेल्यांना. प्रत्येकाचे नाव घ्यायचे, पान ठेवायचे, मगच घर जेवते. पाने मांडून झाली आहेत. शेवटी एक जास्तीचे.
"तिचं बी ठिवलंय. नाव तुमीच घ्या. नाव घेतल्याबिगर पान पोचत न्हाई."
आठ वर्षांत उच्चारलेले नाही. थोडा वेळ मागून बाहेर आलो, बाजेवर बसून हे लिहितो आहे. आत भात निवतो आहे. कोणी घास उचललेला नाही. लेकरे दारातून माझ्याकडे बघतात.
"गुरुजी, या आता. भुकेजलेत समदे."
आधी लिहून पाहतो. लिहिता आले तर म्हणताही येईल.
सु