सहा दहाची गाडी

प्रिय तपासनीस,

बावीस वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवात तक्रारीने करतेय, पण तक्रार गंभीर आहे. आपल्या रेल्वेच्या वेळापत्रक विभागात या महिन्यापासून मागे रबर नसलेल्या पेन्सिली मिळतात. म्हणजे चुका खुशाल करा, खोडू नका. मी लेखी निवेदन दिलं. साहेबांनी ‘पाहिले’ एवढा शेरा मारून ते परत पाठवलं. हेच साहेब परवा नव्या मुलीला म्हणाले, ‘तुझ्याइतकी हुशार मुलगी मी पाहिली नाही,’ आणि स्वतःचा अहवाल तिच्याकडून लिहून घेतला. पुरुषाने बाईला हुशार म्हटलं की मी आधी त्याचं कुठलं काम अडलंय ते बघते. तू मला कधीच हुशार म्हणाला नाहीस. त्याचाही मला संशयच आला होता.

तेव्हा सगळं हाताने चालायचं. मोठ्या कागदावर आडवी वेळ, उभी स्टेशनं आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. रूळ एकेरी, त्यामुळे समोरून येणाऱ्या दोन रेघांनी भेटायचं ते फक्त स्टेशनात. मी काढलेला तक्ता तू तपासायचास, तुझा मी. चूक सापडली की ज्याची त्याच्या टेबलाशी जाऊन दाखवायची, हा नियम. आता कबुली ऐक. दर गुरुवारी मी मुद्दाम दोन गाड्या भर रानात एकमेकींच्या अंगावर घालायची. मग तू यायचास, खुर्ची ओढायचास आणि गणितात पहिली आलेल्या मला, दोन गाड्या एका रुळावर का मावत नाहीत ते शांतपणे समजावायचास. मी डोळे मोठे करून ‘अय्या, खरंच की!’ म्हणायची. आत्याची शिकवणच होती, ‘हुशारी ट्रंकेत ठेव गं बाई, लग्न झाल्यावर काढ.’

उपाय लागू पडला, तिथेच घोटाळा झाला. तू लग्नाचं विचारलंस आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. याला मी हवी, की ती अय्यावाली? आणि लग्नानंतर ट्रंक उघडली तर? मी नाही म्हणाले. कारण विचारलंस तेव्हा घरच्यांवर ढकललं. घरच्यांचं म्हणशील तर, तुला नाही म्हटलं म्हणून आत्या माझ्याशी महिनाभर बोलली नाही. तू बदली मागून घेतलीस.

परवा रबर शोधायला जुनं कपाट उपसलं, तर तुझे अकरा तक्ते निघाले. तुला एक कधी सांगितलं नाही. तुझ्या तक्त्यातही दर आठवड्याला एक ढोबळ चूक असायची. नियमाप्रमाणे मी तुझ्या टेबलाशी यायला हवं होतं. पण चुका काढणारी बाई कोणाला आवडते? तुझंच रबर मागून घेऊन मी गुपचूप खोडून टाकायची आणि मनात म्हणायची, दिसायला बरा आहे, डोकं बेताचं. आता अकराही तक्ते खिडकीच्या उजेडात जमिनीवर ओळीने मांडले. रेघ खोडली तरी कागदावर तिचा चर राहतो. आठवड्याला एक खोडताना लक्षात आलं नव्हतं, पण अकराही ठिकाणी गाडी एकच, सहा दहाची, माझी घरी जायची. ऑफिसजवळच्या स्टेशनात तू तिला दर वेळी चाळीस मिनिटं उभी करून ठेवली होतीस. माझा स्वभाव तुला माहीत आहे, सगळं पुन्हा तपासलं. दुसरी एकही चूक नाही. तू वाट बघत होतास, ही कधी उठते आणि माझी चूक पकडते. मठ्ठ बाईसाठी असा सापळा कोण लावतं?

तू अजून एकटाच राहतोस असं आपल्या जुन्या शिपाईमामांकडून कळलं, म्हणून हे लिहितेय. मामांच्या बातम्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, तेव्हा खरंखोटं तूच कळव. अकरावा तक्ता सोबत जोडलाय. तुझ्याच चरावरून सहा दहाची रेघ पुन्हा काढली आहे, चाळीस मिनिटांच्या थांब्यासकट. नियमाप्रमाणे चूक दाखवायला येतेय, जरा उशिराच. पाकिटाच्या तळाशी तुझं रबर आहे. अर्धं झिजवलंय मी, पण परत करतेय. आता मला ते लागणार नाही.

तुझीच,
समोरच्या टेबलावरची