दंतवैद्याची रिकामी जागा

३ मार्च, सकाळी ९.४०, ऑफिस
पृथ्वीला फेरी मारणाऱ्या शर्यतीतल्या अकरा शिडाच्या बोटी आज आमच्या बंदरात लागल्या. बारा दिवस मुक्काम. खलाशी सगळे हौशी. एक बेकरीवाला, एक शाळामास्तर, दोन नर्स, एक रिटायर्ड बँक मॅनेजर. हे असले लोक जग फिरतात, आणि बंदराच्या ऑफिसात पंचवीस वर्षं काढलेला मी खिडकी नंबर चारला बसून शिक्के मारतो. वा रे न्याय!

पण बातमी आहे. सात नंबरच्या बोटीवरच्या दंतवैद्याचं मनगट मोडलं. जागा रिकामी. पुढच्या बंदरापर्यंत चौदा दिवसांचा टप्पा. नियमाप्रमाणे गावातला हौशी माणूस घेता येतो. तीन दिवस सराव, डॉक्टरचा दाखला आणि कॅप्टनची पसंती, बस्स.

जागा माझी. दुसरं आहे कोण या गावात?

३ मार्च, संध्याकाळ
हिला सांगितलं. ही मशीनवर शाळेचे युनिफॉर्म शिवत होती. मान वर न करता म्हणाली, तुम्हाला बसमध्ये उलटी होते. झालं! नमनालाच अपशकुन. बसमध्ये डिझेलचा वास असतो, समुद्रात मोकळी हवा असते, हे हिला कोणी समजवायचं?

निश्चय: रोज पाचला उठणे. दोरीच्या गाठी शिकणे. बिस्किटं बंद.

४ मार्च
पावणेआठला उठलो. हिने पाचचा गजर लावलाच नव्हता. गाठी शिकायला बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी घेतली. गाठ इतकी फर्स्टक्लास बसली की दोन तास सुटेना. शेवटी मुलीने कात्री आणली. ओले कपडे खुर्च्यांवर. त्यावरून जे टोमणे झाले ते लिहीत नाही. बिस्किटं उद्यापासून बंद.

५ मार्च
बोटीवर जाऊन आलो. इंटरव्ह्यू उत्तम.

आत गेलो तर एक काटकुळी बाई गुडघ्यांवर बसून संडास घासत होती. मी म्हणालो, बाई, कॅप्टनला बोलवा आणि तोवर एक चहा आणा. तिने हात धुऊन चहा आणला. समोर बसली आणि म्हणाली, बोला, मीच कॅप्टन. आता कपाळावर लिहून ठेवलंय का कोणाच्या? मला कसं कळणार?

मग तिने भिंतीवरचा तक्ता दाखवला. रोज दोघांची पाळी. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांचा स्वयंपाक करायचा, भांडी घासायची, संडास धुवायचा. कोणाला सुटका नाही, कॅप्टनलाही नाही. तुम्हाला जमेल का, म्हणून विचारलं. मी स्पष्ट सांगितलं की लग्नाला तेवीस वर्षं झाली, पाण्याचा पेलासुद्धा मी स्वतः उचललेला नाही, तेव्हा मला थेट सुकाणूवर घ्या. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. बहुतेक ‘सुकाणू’.

नंतर जरा मळमळलं. थोडं कॅप्टनच्या बुटावर गेलं. बोट धक्क्याला बांधलेली होती हे खरं, पण चहा खराब होता.

६ मार्च
डोकं चालवलं. सात नंबरचं मोठं शीड फाटलंय आणि शिवणारा माणूस मिळत नाही. मी कॅप्टनला म्हणालो, हात्तिच्या, आमच्या घरीच आहे की, उद्या पाठवतो. कॅप्टनचा चेहरा खुलला. माझं काम झालंच समजा.

घरी येऊन हिला सांगितलं. म्हणाली, मला विचारलंत का? त्यात विचारायचं काय? शिवायचंच तर आहे. हातातला युनिफॉर्म पुरा शिवून दोरा तोडला. मग म्हणाली, जाते.

८ मार्च
जेवण सव्वानऊला. भाजी सकाळचीच. कारण काय, तर ही दिवसभर बंदरावरच्या गोदामात. शीड म्हणे आपल्या अख्ख्या फ्लॅटहून मोठं. कोणीतरी पूर्वी सरळ टीप मारली होती म्हणून पुढे फाटत गेलं. तिथे नागमोडी टीप लागते, वारा भरला की ती थोडी ताणली जाते आणि पुन्हा जागेवर येते. जेवताना अर्धा तास टिपेवर व्याख्यान. मुलगी तोंड उघडं टाकून ऐकत होती. माझ्या गाठीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

९ मार्च
हिच्या तळहातांना फोड आलेत. दोरीने, म्हणाली. शिवणकामात दोरी? असेल, मोठं शीड, मोठा दोरा. तोंडही रापलंय. गोदामाचे पत्रे फुटके असणार. पोर्टाचा कारभार, दुसरं काय!

१० मार्च
ही पहाटे साडेपाचला बाहेर पडली. शिवायला एवढ्या पहाटे? विचारणार होतो, पण डोळा लागला.

डॉक्टरकडे गेलो. ब्लडप्रेशर बघून तो म्हणाला, बोट सोडा, आधी जिना दमानं चढा. दाखला दिला नाही. माणूस जुन्या विचारांचा आहे. दुसरा डॉक्टर बघणे.

त्या रागात ऑफिसात चौसष्ट फॉर्म अकरा मिनिटांत उडवले. रेकॉर्ड. फॉर्म वाचत बसणारा कारकून कधी वेळेवर घरी जात नाही, हे माझं तत्त्व आहे. सात नंबरच्या बोटीचाही एक कागद होता. त्या दंतवैद्याचा असेल, आता काय त्याचं! ठप्प.

११ मार्च
ही लाल जाकीट घालून घरी आली. पाठीवर सात आकडा. शिवणाऱ्या बाईला जाकीट देतात, मग खलाशाला काय काय देत असतील!

जेवताना हिने विचारलं, मी कुठे गेले तर तुम्हाला जमेल का? मी म्हणालो, तू कुठे जाणार, माहेरी? खूप हसलो. ती हसली नाही. मुलगी ताटात बघत बसली. आमच्या घरात विनोदबुद्धी माझ्यापाशीच संपली.

१२ मार्च
चौदा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. ऑफिसात निरोपसमारंभ झाला. केक मीच नेला. भाषणही मीच केलं, कारण बाकीच्यांना ऐनवेळी सुचेना. साहेबांनी विचारलं, निवड झाली ना नक्की? मी म्हणालो, फॉर्मॅलिटी राहिलीय. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं साहेब टायपिस्टला हळूच म्हणाले. मी ऐकलं. जळतात लेकाचे.

१४ मार्च
ही म्हणाली, जरा बसा, एक सांगायचंय. मी बॅग भरत होतो. म्हणालो, आल्यावर सांग. म्हणाली, आत्ताच सांगायला हवं. मी म्हणालो, आधी माझे लोकरी मोजे कुठेत ते सांग. तिने मोजे काढून दिले.

१५ मार्च, दुपारी ३
लिहायचं नव्हतं. पण वाचणार कोण आहे?

सकाळी बॅग घेऊन धक्क्यावर गेलो. ही घरात नव्हती, वाटलं निरोप द्यायला पुढे गेली असेल. बँड, गर्दी, साहेब, टायपिस्ट, सगळे हजर. कॅप्टन पुढे आली, दोन्ही हातांनी माझा हात धरून हलवला, म्हणाली, फार मोठं मन आहे तुमचं. मी म्हणालो, छे छे, आणि बोटीवर पाय टाकायला गेलो. तिने मला हलकेच बाजूला केलं.

बोटीवर लाल जाकिटात ही उभी होती. हातात दोरी.

मी ओरडलो की हे कोणी ठरवलं, कोणाच्या परवानगीने? साहेबांनी फाइलमधून फॉर्म काढला. खलाशी बदली, बोट सात. खाली माझा शिक्का, माझी सही, दहा तारीख. आज पहिल्यांदा फॉर्म पूर्ण वाचला. अनुभवाच्या रकान्यात हिच्या अक्षरात: तेवीस वर्षं स्वयंपाक, सफाई, शिवण, एकही खाडा नाही. घरचा संपर्क: मुलीचं नाव. नवऱ्याचं कुठेच नाही.

दोर सुटला. ही वरून म्हणाली, अहो, गॅसचं बटण आधी दाबायचं, मग फिरवायचं. सगळा धक्का हसला. मग टाळ्या वाजल्या. सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून मीही वाजवल्या. रडू आलं. साहेबांना सांगितलं, वाऱ्यामुळे.

१६ मार्च
ऑफिसला गेलो नाही. चौदा दिवसांची रजा मंजूर आहे.

हिने जाताना फ्रिजवर तक्ता चिकटवलाय. बोटीवर होता तसाच, पट्टीने आखलेला. स्वयंपाक, भांडी, संडास. चौदा दिवस, चौदा वेळा माझं नाव. एका मंगळवारी मी पेन्सिलने मुलीचं नाव घातलं. तिने खोडलं. म्हणाली, बाबा, मी आईबरोबर दहा वर्षं पाळी केलीय, तुम्ही आता सुरुवात करा.

मुलीने मोबाइलवर फोटो दाखवला. सात नंबर तिसऱ्या क्रमांकावर. सुकाणू हिच्या हातात. मागे बँक मॅनेजर कांदे चिरतोय. ही हसतेय. अशी हसते हे मला माहीत नव्हतं.

तक्त्यात पंधरावा रकानाही आखलाय, पण कोरा. विचारलं, इथे कोणाचं नाव? मुलगी म्हणाली, आईने सांगितलंय की पुढच्या बंदरातून कळवेन. दंतवैद्याचं मनगट सांधायला सहा आठवडे लागतात.

चहा केला. साखर समजून मीठ घातलं. प्यायलो. भांडं घासायचंय.