सुनेसमोर कसं सांगायचं

४ ऑगस्ट, सोमवार
बीपीच्या गोळ्या आणायला इथल्या पापाकुरा उपनगरातल्या दवाखान्यात. काउंटरवर नवी कुंडी, भिंतीला ताजा रंग. सुनेला म्हटलं, "काय गं केतकी, डॉक्टरीणबाईंचं लग्न ठरलं की काय?" के. म्हणाली, "आई, हळू! तपासणी आहे. पेशंटांकडे नीट बघतात का ते बघायला माणसं येणार."
म्हणजे दिपोटी! आमच्या शाळेत दिपोटीसाहेब तपासणीला येणार म्हटलं की गुरुजी वर्ग सारवून घ्यायचे आणि हुशार पोरं पुढे बसवायचे. मी कायम खांबामागे. इथं मात्र पहिल्या बाकावर. काउंटरवरची पोरगी म्हणे, तपासणीवाल्या बाईंशी बोलाल का, तुम्ही नेहमी हसतमुख असता.
हसले. दुसरं काय. हे गेल्यापासून त्या खुर्च्यांत आज पहिल्यांदा बसले.

६ ऑगस्ट, बुधवार
घरात कोणी नाही. ह्या देशात ऑगस्टात थंडी, हीटरपाशी बसून लिहितेय.
ह्यांनी त्या दवाखान्यात किती खेपा घातल्या. लेकाला, नीलेशला, ऑफिसातून निघता येत नाही, म्हणून दर वेळी के. अर्धी रजा टाकून. डॉक्टरीणबाई इंग्रजीत विचारणार, के. मराठीत. "बाबा, पोट साफ होतं का? काही त्रास?" हे पायाकडे बघून, "सगळं ठीक." "बाकी काही?" "जरा थकवा." झालं. पुढचा पेशंट.
शौचाला रक्त पडत होतं. सुनेला सांगणार? तिच्यासमोर कधी नुसत्या बनियनवर बसले नाहीत.
मलाही हॉस्पिटलातच कळलं, सगळं पसरल्यावर. म्हणाले, "त्या पोरीसमोर कसं सांगायचं होतं गं?"
म्हटलं, "मला सांगायचंत."
"तू हसली असतीस."
हो, हसले असते. आधी हसले असते. मग हाताला धरून दवाखान्यात...
जाऊ दे.
के.ला ह्यातलं काही माहीत नाही. नीलेशलाही नाही. दोघांना वाटतं रोगच लबाड, लपून बसला.

९ ऑगस्ट, शनिवार
के.नं पापाटोएटोच्या देशी दुकानातून मेथी आणली. चार जुड्या! निवडायला दोघी. म्हणाली, "आई, दवाखान्याबद्दल चांगलं सांगा हं. बाबांशी किती प्रेमानं बोलायच्या त्या डॉक्टर."
"आणि तू?"
"मी काय, नुसती सांगकामी."
"सांगकामी कसली! तुझ्यामुळे त्यांचं इंग्रजी सुधारलं. जाता जाता नर्सला थँक्यू म्हणाले."
खूप हसलो. मग हसता हसता ती रडायलाच लागली. "बाबांनी मला कधी परकं मानलं नाही, आई. मुलीसारखं सगळं बोलायचे."
मी देठं मोडत राहिले. पानं टाकली आणि देठं ठेवली, ते नंतर कळलं.

११ ऑगस्ट, सोमवार
तपासणी झाली. झाली कसली.
दिपोटीणबाई माओरी, इथल्या मूळच्या लोकांतल्या, माझ्याच वयाच्या. किया ओरा, म्हणजे त्यांचा नमस्कार, म्हणून दोन्ही हात धरले. हनुवटीवर गोंदण. मी माझं कपाळावरचं दाखवलं, तुमचं भारी की माझं? के.नं सांगितल्यावर खो खो हसल्या. जमलं आमचं.
मग के. मधल्या खुर्चीत. हेही इथलेच पेशंट होते, ते तिनं बाईंना सांगितलं. "आई, त्या विचारतायत, बाबांना इथं मनातलं सगळं सांगता यायचं का?"
तोच गोड आवाज. माझे डोळे पायाकडे. म्हटलं, "सगळं ठीक."
बाई माझ्याकडे बघत राहिल्या. के.ला काहीतरी विचारलं. के.चा चेहरा उतरला. "आई... दुभाषा हवा का, असं बाबांना कधी विचारलं होतं का? फोनवर मिळतो म्हणे. फुकट." मग माझ्याकडे बघून, नुसतं मलाच, "पण मी होते ना."
गुरुवारी परत बोलावलंय. फोनवर मराठी दुभाषी बाई. मी एकटी.

१२ ऑगस्ट, मंगळवार
के. चहा घेऊन आली, स्वतःचा नाही. "माझ्यासमोर न बोलण्यासारखं काय आहे, आई?"
"तुझी चुगली करायचीय. वरणात मीठ घालत नाहीस."
हसली नाही. "बाबांचं आहे ना?"
नीलेश आला. राहिलं.
सांगितलं तर पुढच्या म्हाताऱ्याची सून बाहेर बसेल, त्याला वेगळं विचारतील. पण तपासणीच्या कागदावर येणार, मग हिला कळणार. रजा टाकून, हात धरून नेणारी पोर. तिचा दोष नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारायला हवं होतं, पण माणूस वाईट नाही. आणि हे तर... ह्यांना आता काय बोलू.

१४ ऑगस्ट, गुरुवार
के.नं दारापर्यंत पोचवलं, शाल नीट केली. "मी गाडीत बसते."
टेबलावर फोन. आतून मराठी! "नमस्कार आजी. तुम्ही बोलाल ते जसंच्या तसं सांगेन, काही गाळणार नाही." म्हटलं, कुठली गं तू? ते सांगता येत नाही म्हणाली. म्हटलं, बरं, सासरे आहेत? हळूच म्हणाली, "आहेत, आजी."
"मग तूही ऐक."
सांगितलं. सगळं. ती इंग्रजीत सांगताना एका जागी अडखळली, "सॉरी" म्हणून पुढे गेली. दिपोटीणबाईंनी पेन खाली ठेवलं. डोळ्यांना पदर लावला मी, परक्या बाईसमोर.
के.नं घरापाशी गाडी लावली, उतरेना. समोर बघत म्हणाली, "त्यांना सांगितलंत ना? आता मला सांगा."
म्हटलं, "अगं, तुझे सासरे भारी लाजरे होते."
चेष्टेनंच सुरुवात केली. मग तिचा हात हातात घेतला. ती वाट बघत होती.