गार खोलीतली हिरवी

३ मार्च, सोमवार

सह्या करून करून मनगट भरून आलंय. कुलगुरू म्हणजे सह्यांचं यंत्र, हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

एक आदेश मात्र ठासून काढला. सुट्टीच्या दिवशी सगळ्या इमारतींची वीज मेन स्विचपासून बंद. कुलूप लावून घरी जायचं आणि आत पंखे, एसी चालू — हे लाड पुरे झाले. वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांनी आमच्या जुन्या गार खोलीला सूट मागितली होती. ती ओळ मीच खोडली. माझीच प्रयोगशाळा, माझेच फ्लास्क — उद्या सगळे म्हणणार, बाई लोकांचे दिवे विझवतात नि स्वतःचे लावून ठेवतात. नकोच ते.

४ मार्च, मंगळवार

चिमणी आली होती. आवाज एवढासा, म्हणून चिमणी. माझ्या हाताखालची शेवटची पीएच.डी. शनिवारपासून चार दिवस सुट्टी, मग हिरवीचं काय, विचारत होती.

हिरवी! तरुणपणी बर्फाच्या कडेवरून खरवडून आणलेलं एवढंसं शेवाळ. गारठ्यातच जगतं, खोली तापली की संपलं. आता तिथे तो बर्फही उरला नाही. म्हणजे ही गेली की गेलीच. दर आठवड्याला थोडी काढून ताज्या द्रावणात घालायची — वर्षानुवर्षं हे मी कुणाला करू दिलं नाही. आता चिमणी करते. तिचा सगळा प्रबंध हिच्यावरच उभा आहे.

तिला म्हटलं, रुग्णांमुळे वैद्यकीय इमारत आदेशातून वगळलीय, तिथल्या शीतगृहाची किल्ली मी मागवून घेतलीय. शुक्रवारी संध्याकाळी येते, दोघी मिळून हलवू. तू एकटीने हात लावू नकोस. तिने मान डोलावली.

पद घेताना तिला म्हणाले होते, दर रविवारी प्रयोगशाळेत येत जाईन. अजून एकदाही जमलेलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

वसतिगृहात पाणी नाही म्हणून मुलं फाटकाशी ठिय्या देऊन बसली. दुपारपासून मीही तिथेच, त्यांच्यासोबत जमिनीवर. फोन पीएकडे. घसा बसला, कंबर धरली. शेवटी टँकर आले. एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! घरी आले ती तडक अंथरुणावर.

९ मार्च, रविवार

पर्समध्ये चष्मा चाचपत होते. हाताला किल्ली लागली.

तशीच धावत सुटले. रखवालदाराने गार खोली उघडली आणि आतून ऊब अंगावर आली. फ्लास्क तसेच, रांगेत. पाणी पिवळट, तळाशी पांढुरका गाळ. सूक्ष्मदर्शक लावावा तर वीज नाही — माझ्याच आदेशाने! कपाटातला जुना आरशाचा काढला, खिडकीशी नेला. एकेका फ्लास्कमधला थेंब बघितला. पेशी फुटलेल्या. सगळ्या.

रखवालदार म्हणाला, शुक्रवारी ती ताई अंधार पडेपर्यंत जिन्यावर बसून होती.

हिरवीला मी मारलं. दुसऱ्या कुणीही नाही. आणि चिमणीला काय तोंड दाखवू?

१२ मार्च, बुधवार

चिमणी दोनदा येऊन गेली. पीएने सोमवारची वेळ दिली. मी आतच होते. दाराबाहेर तिचा तो एवढासा आवाज येत होता आणि मी फायलीत तोंड खुपसून बसले. लाज वाटली. तरी उठले नाही.

विभागप्रमुखांचा फोन. 'आदेश तुमचाच होता, मॅडम,' एवढंच म्हणाले. जखमेवर मीठ!

१३ मार्च, गुरुवार

जेवताना ह्यांनी विचारलं, राजीनामा लिहितेयस का? ह्या माणसाला कसं कळतं, देव जाणे. म्हटलं, विचार चाललाय. एवढे दिवस सांभाळलेली एक गोष्ट मला सांभाळता आली नाही, मग विद्यापीठ काय कपाळ सांभाळणार?

'लिही नाहीतर नको लिहू,' हे म्हणाले. 'आधी त्या पोरीच्या घरी जा. तिला टाळतेयस तू.'

राग आला. खरं होतं म्हणून आला.

१४ मार्च, शुक्रवार

कचेरीआधी गेले. दार तिच्या आईने उघडलं. ओट्याशी उभ्या चिमणीला मी दारातूनच सांगायला लागले — विसरले गं, साफ विसरले, तुझी सगळी मेहनत मी मातीत घातली. डोळ्यांना धार लागली. तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रिज उघडला. भाज्यांच्या शेजारी, छोट्या दिव्याच्या उजेडात एक बाटली. हिरवीगार!

प्रयोगशाळेतलं काही घरी न्यायचं नाही, हा नियमही माझाच. 'हेच सांगायला आले होते,' ती म्हणाली, 'दोन्ही वेळा.'

कधीपासून ठेवलीयस, मी विचारलं.

'तुम्ही कुलगुरू झालात, त्या आठवड्यापासून.'