तुमच्या बंधुराजांनी वाचवलेली बॅग

ती. वन्संना,

नमस्कार. विनंतीही आहे, पण ती मागाहून. आधी मला पोटभर रागावून घेऊ द्या. तुमचे गुडघे कसे आहेत? आम्ही दोघं धडधाकट आहोत. (माझी कंबर आणि तुमच्या बंधुराजांचा घोटा सोडून. त्यांच्या अकलेबद्दल पुढे लिहितेच.)

काल ह्यांनी तुम्हाला फोनवर "विमानाचं जरा बिघडलंय, उद्या येतो" एवढंच सांगितलं म्हणे. जरा! वन्सं, ते विमान धावपट्टी सोडून गवतात जाऊन बसलंय. चाकं मोडलीत, एक पंख जमिनीला टेकलाय. घरात कपबशी फुटली तरी माणसं ह्याहून जास्त बोलतात.

झालं असं, की विमान जोरात पळायला लागलं. मी डोळे घट्ट मिटून, आता उडेल मग उडेल, म्हणून श्वास धरून बसले होते, तोच बाहेर काहीतरी धाडकन फुटलं (टायर होता, हे नंतर कळलं) आणि पायलटने करकचून ब्रेक दाबले. उडणं रद्द! माझं कपाळ समोरच्या खुर्चीवर आपटलं, वरचे कप्पे धडाधड उघडले आणि कुणाचा तरी जाडजूड कोट माझ्या डोक्यावर येऊन पडला. त्यामुळे एवढा मोठा अपघात मी पाहिला तो कोटाच्या आतून. (त्याला डांबरगोळ्यांचा वास होता.) खडखडाट, हिसके, किंकाळ्या, मग एकदम शांत. आणि धूर. एरवी गोड बोलणारी ती हवाईसुंदरी कवायतीच्या मास्तरासारखी ओरडायला लागली, "सामान सोडा! आधी उतरा!"

आता तुमच्या बंधुराजांचा पराक्रम. ह्यांनी माझा पट्टा सोडवला, "ये मागून" म्हणाले आणि गेले. मी कोटातून डोकं बाहेर काढते तो काय, ह्यांच्या हातात बॅग! इतक्या वर्षांच्या संसारानंतर बॅग पुढे, बायको मागे! ह्यांच्या मागे एक टायवाला गृहस्थ बोंबलत धावतोय, त्याच्या मागे सगळी रांग, आणि रांगेत खोकत खोकत मी. दारात ती रबरी घसरगुंडी लावलेली. ह्या वयात, सगळ्यांदेखत, मी तिच्यावरून घसरले आणि गवतात कमरेवर आपटले. हे एका पायावर उभे. म्हटलं, "काय आहे एवढं त्या बॅगेत?" तर म्हणाले, "माहीत नाही." वन्सं, बॅग आमची नव्हतीच! तेवढ्यात त्या टायवाल्याने ती हिसकावून घेतली आणि ह्यांना चोर म्हणून चालता झाला. बायको धुरात, आणि हे परक्याचं सामान वाचवतायत! मग मी तिथेच जे काही बोलले, ते ऐकायला दोन बंबवालेही हातातलं काम टाकून थांबले.

तेव्हापासून मी अबोला धरलाय. ह्यांच्या ते लक्षात आलंय असं वाटत नाही. कंपनीने दिलेल्या हॉटेलात घोट्यावर बर्फ ठेवून घोरतायत. मी परत घरी जाते, ह्यांना एकट्यालाच तुमच्याकडे पाठवते. विनंती एवढीच, मोठी बहीण म्हणून त्यांचा चांगला कान उपटा.

तुमची,
(तूर्तास तरी) वहिनी

ता. क. आत्ता खाली चहाला गेले, तर तो टायवाला माझ्याशीच भांडायला आला. "तुमच्या मिस्टरांनी माझी बॅग पळवली!" म्हटलं, नीट सांगा. तर हा महाभाग वाटेत आडवा उभा राहून वरच्या कप्प्यातून बॅग ओढत होता. मागे सगळे खोळंबलेले, कुणाचं ऐकेना. ह्यांनी ती त्याच्या हातातून हिसकली आणि दाराकडे पळ काढला. हा बॅगेमागे धावला, वाट मोकळी झाली. त्याला मी असं सुनावलं की त्याचा चहा तसाच राहिला. वर येऊन ह्यांना विचारलं, "हे मला सांगायला काय झालं होतं?" म्हणाले, "आधी तू थांबत नव्हतीस, मग तू बोलत नव्हतीस."

ता. क. २. आता विनंती बदलली. ह्याच मजकुराची पत्रं मी सकाळीच धाकट्या वन्संना, माझ्या भावाला आणि शेजारच्या काकूंना टाकून आले. (तुमच्या पत्रात बराच हात आखडता घेतलाय.) हे पत्र ह्यांच्याच हाती देतेय, तेव्हा ती पोचायच्या आत तिघांना फोन करून खरं काय ते सांगा. मी सांगणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही. कुणावर काढायचा, तेवढंच ठरायचंय.